सक्ती शाळेवर हवी, मुलांवर नव्हे

रायगडच्या किनारपट्टीवरील एका जिल्हा परिषद शाळेत मागे एका प्रजासत्ताक दिनाला पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. समोर खाडी, मागे सुरूचे बन, मध्ये कौलारू शाळा आणि अंगणात रांगोळी. झेंडावंदन झाले, राष्ट्रगीत झाले आणि मग मुलांनी संविधानाची उद्देशिका एका सुरात म्हटली. एकही जोडाक्षर अडखळले नाही. 'सार्वभौम'पासून 'अंगीकृत'पर्यंत सारे स्वच्छ, खणखणीत. आमच्या पिढीला शाळेत हे कोणी म्हणायला लावले नव्हते. त्यामुळे ऐकताना ऊर भरून आला, हे कबूल करतो.

खाऊवाटप झाल्यावर ओसरीवर सातवीच्या मुलांशी गप्पा मारत बसलो. 'बंधुता म्हणजे काय?' असे विचारले. एका चुणचुणीत मुलाने व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. मी पुढे विचारले, 'आणि एखाद्या गावात बंधुता नाही, हे कशावरून ओळखायचे?' मुले गप्प. हा प्रश्न स्वाध्यायात नव्हता. मग मागे बसलेली एक मुलगी खाली मान घालून म्हणाली, 'दळण घेत नाहीत, त्यावरून.' कोणी हसले नाही. गुरुजींनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि 'चला, सतरंज्या उचला' म्हणून विषय संपवला.

या किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. गावकीने एखादे घर वाळीत टाकले की त्या घराचे दळण गिरणीवाला घेत नाही, दुकानदार मीठ देत नाही, लग्नाचे आवतण येत नाही आणि घरात मयत झाले तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. कारण काहीही पुरते. पालखी आधी कोणाच्या दारात न्यायची यावरून झालेली बाचाबाची, पंचायतीच्या निवडणुकीत दुसऱ्या बाजूला दिलेले मत, जमिनीचा तंटा, जातीबाहेर झालेले लग्न, किंवा गावकीच्या जमाखर्चाविषयी विचारलेला साधा प्रश्न. गावकी बसते, मुंबईतल्या मंडळाला निरोप जातो आणि ठराव होतो. त्या घराशी जो बोलेल, त्याला दंड. पोरांनाही ते लागू असते. त्यासाठी वेगळा ठराव करावा लागत नाही. शेजारची आई आपल्या मुलाला हाक मारून घरात घेते, तेवढे पुरते.

२०१३ ते २०१५ या काळात रायगड जिल्ह्यातल्या अशा प्रकरणांच्या बातम्या एकामागून एक आल्या, काही प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. त्याच सुमारास जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मोहीम उघडली होती. शेवटी १३ एप्रिल २०१६ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या सव्वाशेव्या जयंती वर्षाची सांगता होत असताना, विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो अमलात आला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. पण त्याची गरज ज्या जिल्ह्यांमुळे तीव्रतेने जाणवली, त्यात आपला जिल्हा ठळक होता, हेही विसरता येत नाही.

त्या मुलीचे उत्तर ऐकले आणि मला माझ्याच नोकरीतला एक प्रसंग आठवला. १९८७-८८ची गोष्ट असेल. याच किनाऱ्यावरच्या एका शाखेत मी नवाच अधिकारी होतो. पन्नाशीचा एक गृहस्थ मुलाने बोटीवरून पाठवलेला ड्राफ्ट घेऊन आला. ड्राफ्ट त्याच्या नावाचा, पण खाते नव्हते. त्या काळी बचत खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागत असे. मी म्हटले, 'तुमच्या गावचे दोनशे खातेदार आहेत, कोणाचीही सही आणा.' तो गेला आणि आठ दिवसांनी तसाच परत आला. पुन्हा पंधरा दिवसांनी आला. तिसऱ्या खेपेला शिपायाने माझ्या कानात सांगितले, 'साहेब, त्याचं घर वाळीत आहे. सही करील त्याला गावकीचा दंड पडेल.' तो माणूस काउंटरपलीकडे उभा होता. मला म्हणाला, 'साहेब, तीनदा आलो. आता तुम्हीच मला ओळखता की!'

मी नियमावर बोट ठेवले. वरिष्ठांना विचारून वाट काढता आली असती, पण मी विचारले नाही. गावच्या भानगडीत बँकेने कशाला पडावे, असे मला तेव्हा शहाणपणाचे वाटले. सुमारे दोन महिन्यांनी बदलीवर आलेल्या एका शाळामास्तरांनी सही दिली आणि खाते उघडले. त्या मास्तरांना गावात पुढे काय सोसावे लागले, याची मी चौकशीही केली नाही.

पुढे कथा-कादंबऱ्या लिहिताना हा माणूस अनेकदा समोर येऊन उभा राहिला. मी पदवीधर, बँकेच्या परीक्षा उत्तीर्ण. शाळेत नागरिकशास्त्रात चांगले गुण मिळवलेला. पण पंचायत समितीच्या सभापतीची मुदत, राज्यसभेची सदस्यसंख्या आणि राष्ट्रपतीपदासाठी लागणारे वय याखेरीज त्या विषयातले माझ्याजवळ काही उरले नव्हते. समोरच्या माणसाचे नेमके काय हिरावून घेतले जात आहे, याला संविधानात काही नाव आहे का, हा प्रश्नच मला पडला नाही. मी वाईट माणूस नव्हतो. मला कोणी शिकवले नव्हते, आणि शिकण्याची गरज मला वाटली नव्हती.

म्हणून संविधानाचे शिक्षण शाळेत सक्तीचे असावे का, या प्रश्नावर माझे उत्तर 'असावे' असेच आहे. खरे तर कागदावर ते बरेचसे आहेच. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीलाच उद्देशिका छापलेली असते. २०१७ मध्ये आलेले सातवीचे नागरिकशास्त्राचे पुस्तक तर जवळजवळ संपूर्णपणे संविधानावर आहे. उद्देशिका, वैशिष्ट्ये, मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वे आणि कर्तव्ये असे सारे त्यात आहे, आणि ते सोप्या भाषेत आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात तर अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांना धरून असावा, असे स्पष्ट कलमच आहे. शाळांतून उद्देशिकेचे वाचन व्हावे, असा आदेश राज्य सरकारने २०१३च्या फेब्रुवारीत काढला होता. तो फायलीत राहिला. सात वर्षांनी, २०२०च्या जानेवारीत, तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी त्याची आठवण करून दिली आणि त्या वर्षीच्या २६ जानेवारीपासून परिपाठात उद्देशिका वाचणे सक्तीचे झाले.

मग उणे कुठे आहे? कोणत्याही पालकाला विचारा. गणिताचा किंवा इंग्रजीचा भाग राहिला की जादा तास कोणाचा घेतला जातो? नागरिकशास्त्राचा. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची एकच प्रश्नपत्रिका. त्यात राज्यशास्त्राचा वाटा धाकट्या भावाचा. 'इतिहास नीट कर, नागरिकशास्त्र आदल्या रात्री होतं,' हे वाक्य आपल्यापैकी किती घरांत म्हटले गेले असेल! विषय सक्तीचा आहे, पण मनाने आपण सर्वांनी तो ऑप्शनला टाकलेला आहे. त्यामुळे त्या सक्तीतून हाती येते ते पाठांतर. पाठांतर वाईट नव्हे; आपण पाढे पाठ करतो, ते पुढे बाजारात हिशेब करता यावा म्हणून. पाढे म्हणणाऱ्या मुलाला दुकानदाराने परत दिलेले पैसे मोजता आले नाहीत, तर आपण काळजीत पडतो. उद्देशिका म्हणणाऱ्या मुलाबाबत तशी काळजी कोणी करत नाही.

हिशेब शिकवायचा तर तो गावातल्या मालावर शिकवावा लागतो, आणि याबाबतीत रायगडसारखा भाग्यवान जिल्हा शोधून सापडणार नाही. संविधानाचा पंधरावा अनुच्छेद पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला रोखता येणार नाही अशी ठिकाणे सांगताना त्यात दुकाने आणि उपाहारगृहे येतात, आणि पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. कायद्याच्या पुस्तकात विहीर आणि तलाव कशाला? त्याचे उत्तर सावित्रीच्या काठी आहे. हीच सावित्री पुढे बाणकोट-हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळते.

मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मांडलेल्या ठरावानुसार सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसाच ठराव केला. कागदावर सारे झाले होते. पण चवदार तळ्यावर पाणी प्यायला अस्पृश्य मानला गेलेला माणूस जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पुढची फारशी सांगितली जात नाही, आणि नागरिकशास्त्राचा खरा धडा तिथे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रहासाठी माणसे पुन्हा महाडला जमली, तोवर विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. हजारो माणसे तयार असताना तळ्यावर जाणे पुढे ढकलले गेले आणि लढाई न्यायालयात नेली गेली. ती दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. ही प्रथा अनादी काळापासून चालत आली आहे, असे सांगणाऱ्यांना ते सिद्ध करता आले नाही. 'आमच्याकडे पूर्वीपासून असेच आहे' हे म्हणणे पुराव्याच्या कसोटीवर टिकले नाही. गावकीचे ठरावही याच वाक्यावर उभे असतात. सातवीच्या मुलाला हा निकाल गोष्टीसारखा सांगितला, तर हक्क, ठराव, अंमलबजावणी, मनाई हुकूम आणि अपील हे पाच शब्द त्याला जन्मभर पाठ करावे लागणार नाहीत.

दरवर्षी सहलींच्या गाड्या महाडवरून रायगड किल्ल्यावर जातात, आणि जायलाच हव्यात. त्यांतल्या किती गाड्या चवदार तळ्यापाशी अर्धा तास थांबतात?

अलिबागजवळच्या चरीचेही तसेच. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील यांनी तो संप चालवला. लोकांनी मजुरी केली, हाल सोसले, पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे हे सारे होते. आणि उरण तर आमच्या डोळ्यांदेखतचे. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन केले, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. मालमत्तेचा हक्क १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला, हे वाक्य इतरत्र केवळ माहितीचे असेल; उरणच्या मुलाला त्याचा अर्थ आजोबांकडून कळू शकतो. एका जिल्ह्यात पाणी, कूळ आणि जमीन या तिन्हींच्या लढाया झाल्या, आणि तिथल्या मुलांना आपण राज्यसभेच्या सदस्यांची संख्या विचारतो.

यावर काही आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला शिक्षकांचा. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराचे हिशेब, निवडणुकीची कामे, त्यात हे कधी करायचे? आणि उद्या वर्गात गावकीचा विषय निघाला तर संध्याकाळी शिक्षकाच्या खोलीवर गाव येईल, तेव्हा पाठीशी कोण? ओसरीवर विषय बदलणाऱ्या गुरुजींना मी दोष देत नाही. मी तरी काउंटरमागे काय केले होते? दुसरा आक्षेप पालकांचा. शाळेत राजकारण नको, मुलांना घरचे-गावचे तंटे कशाला शिकवायचे?

याचा विचार जर्मनीला फार कठोरपणे करावा लागला. हिटलरच्या काळात शाळांतून काय शिकवले गेले, याची आठवण त्यांना होती. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख नावाच्या गावी तिथल्या शिक्षणतज्ज्ञांच्या बैठकीतून तीन पथ्ये पुढे आली. शिक्षकाने आपले मत मुलांवर लादायचे नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वाद म्हणूनच मांडायचे. आणि मुलाला आपले हित ओळखून त्यासाठी काही करता येईल, इतके समर्थ करायचे. ही पथ्ये पाळून चरीचा संप शिकवता येतो, खोतांची बाजूही सांगता येते. मात्र काही गोष्टी वादाच्या उरलेल्या नाहीत. माणसाला वाळीत टाकणे हा गुन्हा आहे, ही त्यांतली एक. ते सांगायला शिक्षकाला धीर लागू नये, इतके तरी शिक्षण खात्याने करावे.

केवळ हुकूम काढून हे होत नाही, याचाही दाखला आहे. इंग्लंडने २००२ पासून माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा केला. २०१८ मध्ये तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने या शिक्षणाची हेळसांड झाल्याचे नोंदवले. तयार शिक्षक आणि राखीव तास नसले, की सक्तीचे असे होते.

आणि सक्ती कोणावर, हेही ठरवले पाहिजे. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आदराने गप्प उभे राहणे हा अपमान नव्हे, असे सांगितले. संविधानाची शिकवण याहून चांगली कोणत्या धड्यात मिळेल? म्हणून मुलाने उद्देशिका किती खड्या आवाजात म्हटली, यावर त्याची परीक्षा होऊ नये. सक्ती असावी ती शाळेवर आणि सरकारवर. आठवड्याचा तास राखून ठेवण्याची, तो गणिताला न देण्याची, व्याख्या विचारण्याऐवजी प्रसंग देऊन 'इथे कोणता हक्क डावलला गेला? कोणाकडे दाद मागाल?' असे विचारण्याची, तालुक्यातल्या घटना धड्यात आणण्याची, वरच्या वर्गांना वर्षातून एकदा ग्रामसभेत नेऊन बसवण्याची, आणि शिकवणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहण्याची.

शाळेने एवढे केले म्हणून गावक्या लगेच सुधारतील, असा माझा भ्रम नाही. कायदा झाला तरी तक्रार करायला माणूस पुढे यावा लागतो, आणि गावात राहायचे असेल तर तो सहजी येत नाही. पण 'मुलांना यात ओढू नका' म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की मुले आधीच त्यात आहेत. दळणाचा डबा घेऊन गिरणीवर जाते ती मुलगी, आणि तो तसाच भरलेला परत आणते तीही तीच. तिच्या शेजारी सतरंजीवर बसून तिच्याच सुरात 'बंधुता' म्हणणाऱ्या मुलांच्या घरांतून तो ठराव झालेला असतो. त्यांतली चार मुले पाच-सात वर्षांनी मतदार होतील, कोणी गिरणी चालवील, कोणी बँकेच्या काउंटरमागे बसेल. तेव्हा समोर आलेल्या माणसाला 'सही आणा' म्हणण्याआधी त्यांना काहीतरी आठवावे, एवढीच अपेक्षा आहे.

त्या दिवशी निघताना मी त्या मुलीशी काहीच बोललो नाही. काय बोलावे ते सुचले नाही. गुरुजी मात्र मला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि हळू आवाजात म्हणाले, 'तिचं दळण मी माझ्या नावावर देतो. आठवड्यातून दोनदा.' त्यांनी मला गाव आणि नाव छापू नका, असे सांगितले. मी ते छापलेले नाही.